निकालाच्या पलीकडची प्रार्थना : मंडळ्यांचे पाळक आणि वडीलजन यांना खुले पत्र

प्रभूमध्ये प्रिय पाळक, वडीलजन आणि मध्यस्थीची प्रार्थना चालवणाऱ्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आपणां सर्वांना सलाम.

मी शाळेत शिकवते आणि मंडळीत प्रार्थनेला बसते. दोन्ही जागा मला सारख्याच प्रिय आहेत, म्हणूनच त्यांच्यामधले अंतर मला बोचते. परीक्षा जवळ आल्या की आपण विद्यार्थ्यांना पुढे बोलावतो, त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो आणि स्मरणशक्ती व यश मागतो. निकाल लागला की साक्षी होतात, उपकारस्तुती होते. त्यानंतर पुढची परीक्षा येईपर्यंत शाळा, महाविद्यालये आणि तिथली माणसे आपल्या प्रार्थनेतून जवळजवळ नाहीशी होतात. आजारी, शोकात असलेले, प्रवासात असलेले, राज्यकर्ते, सुवार्तिक यांची आठवण दर रविवारी निघते; ती निघायलाच हवी. पण मंडळीतली मुले आणि कितीतरी मोठी माणसे आपल्या दिवसाचा मोठा वाटा जिथे घालवतात, त्या जागेची पाळी मोसमानुसार येते.

माझे मागणे असे आहे : शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांसाठी दर आठवड्याला, नेमकेपणाने आणि ख्रिस्ती आशेला शोभेल अशी प्रार्थना व्हावी. या तिन्हींत मला तिसऱ्याची काळजी सर्वांत जास्त वाटते. आपण कमी वेळा मागतो ही उणीव भरून काढणे सोपे आहे. आपण काय मागतो, हा प्रश्न अधिक खोल आहे.

परीक्षेला सामोऱ्या जाणाऱ्या माणसासाठी कसे मागावे, याचा नमुना लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाची रात्र आहे. काही तासांत शिमोन पेत्र आपल्याला तीनदा नाकारणार, हे गुरूला ठाऊक आहे. सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, असे प्रभू त्याला सांगतो, आणि लगेच म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. ही विनंती आधीच होऊन गेली आहे, आपल्याला तिची गरज आहे हे पेत्राला उमजण्याच्याही आधी. चाळणे टळावे असे प्रभूने मागितल्याचे इथे लिहिलेले नाही. शिष्य पडणार हे धरूनच गुरू मागतो आहे, आणि पडल्यावर शिष्याजवळ काय उरावे तेवढेच मागतो आहे. शिवाय परत येणाऱ्याला शिक्षा नाही, काम आहे. जो स्वतः पडला त्यानेच इतरांना उभे करायचे आहे.

आपल्या मुलांसाठी आपण असे कधी मागतो का? यश मागू नका, असे माझे म्हणणे नाही. मुलाने भाकर मागितली तर बाप त्याला दगड देत नाही, हे प्रभूनेच सांगितले आहे. उद्याच्या पेपरची धास्ती घेऊन मूल आपल्याकडे येते तेव्हा त्याच्याबरोबर गुडघे टेकून यश मागावे, नि:संकोच मागावे. पण तेवढ्यावरच थांबलो तर निकालाच्या दिवशी अर्ध्या मुलांना आपल्या प्रार्थनेत जागा उरत नाही. उपकारस्तुतीच्या रविवारी चांगल्या गुणांची मुले उभी राहतात, टाळ्या होतात, आणि त्याच बाकावर नापास झालेले एक मूल मान खाली घालून बसलेले असते. देवाने शेजारच्याचे ऐकले आणि माझे ऐकले नाही, एवढेच ते घरी घेऊन जाते. असे त्याला कुणी सांगितलेले नसते, तरी तेच त्याच्या मनात घर करते. अशी मुले मग वर्गातही कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत. गुणपत्रिका ही देवाच्या प्रीतीची पावती नाही, हे व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे, आणि ते निकाल लागण्याच्या आधीच्या रविवारी सांगितले गेले पाहिजे. नंतर सांगितले की ते सांत्वनासारखे ऐकू येते आणि मुलांना सांत्वन लगेच ओळखू येते.

काही मुलांच्या बाबतीत हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. निकालाच्या आगेमागे एखादे मूल घरात बोलेनासे होते, जेवत नाही, झोपत नाही, 'माझ्या असण्याने काय फरक पडतो' अशा अर्थाचे काही बोलून जाते. अशा वेळी विश्वास ठेव, प्रार्थना कर, असे सांगून आपण मोकळे होऊ नये. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडावा. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, स्पर्श करून उठवतो, खायला-प्यायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाचा प्रश्न त्याला पुढे खूप अंतर चालून गेल्यावर येतो. मंडळीतल्या मोठ्या माणसांनी या क्रमाने वागावे : जवळ बसावे, ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये, आणि वेळ न दवडता डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याकडे न्यावे. डॉक्टरकडे नेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असा समज कुठे असेल तर पाळकांनी तो आपल्या तोंडाने दूर करावा. पाळकांच्या एका वाक्याने जे होते, ते शिक्षकांच्या दहा बैठकांनी होत नाही.

लहानग्यांच्या प्रार्थनेबद्दल आणखी एक. संत ऑगस्टीनने आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे की, शाळेत मार बसू नये म्हणून तो देवाची प्रार्थना करत असे. जीव लहान होता, पण कळकळ लहान नव्हती. मार चुकला नाही, आणि त्याच्या त्या दुःखाला मोठी माणसे, त्याचे आईवडीलसुद्धा, हसत. हा मुलगा इसवी सन ३५४ मध्ये जन्मला. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप झाला, मंडळीच्या थोर आचार्यांत गणला गेला, आणि तरीही उतारवयाकडे झुकताना ते हसणे त्याला आठवत होते. आज आपल्या रविवारच्या वर्गात कुणी मूल सांगते की मला गणिताच्या तासाची भीती वाटते, अमका मुलगा मला छळतो, त्यासाठी प्रार्थना करा. त्या मागण्याला हसू नका. ते मंडळीपुढे आणा. मोठ्या माणसांच्या कामधंद्यासाठी आपण जितक्या गंभीरपणे मागतो तितक्याच गंभीरपणे मागा. आणि छळ चालू असेल, मार बसत असेल, तर प्रार्थना संपल्यावर त्या मुलाच्या बाजूने शाळेत जाऊन बोलायला कुणीतरी मोठे माणूस हवे.

आता आशेविषयी. 'सगळे ठीक होईल' हे वाक्य आपण सहज बोलतो. शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना ते फार दिवस पुरत नाही, कारण सगळे ठीक होत नाही हे त्यांना रोज दिसते. हुशार मुलगी शाळा सोडते. मन लावून शिकवलेला धडा विसरला जातो. चांगला शिक्षक थकून दुसरे काम धरतो. ख्रिस्ती आशा या गोष्टींकडे डोळेझाक करत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की जे दिसते त्याची कुणी आशा धरत नाही. जे दिसत नाही त्याची आशा धरतो तेव्हा आपण धीराने वाट पाहतो. त्याच अध्यायात सारी सृष्टी कण्हत आहे, आणि आम्ही कशासाठी मागावे हे आम्हांला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आमच्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे कण्हणे आणि आशा एकाच पानावर आहेत. या आशेचा पाया आपल्या कर्तबगारीत नाही आणि शिक्षणपद्धतीच्या सुधारणेतही नाही. देवाने येशूला मेलेल्यांतून उठवले, यात आहे. तो उठला म्हणून प्रीतीने केलेले कुठलेच काम वाया जात नाही. पौलाने पुनरुत्थानावर करिंथकरांना एवढा मोठा अध्याय लिहिला आणि त्याच्या शेवटी हेच सांगितले, की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला हे वाक्य रोज लागते.

यरुशलेमजवळच्या अम्माऊस गावाच्या वाटेवर ही आशा शिकवणीच्या रूपात दिसते. दोन शिष्य यरुशलेम सोडून चालले आहेत. इस्राएलाची मुक्ती करणारा तोच, अशी आमची आशा होती, असे ते सांगतात, आणि ती आता संपली आहे. उठलेला प्रभू त्यांच्या बरोबरीने चालू लागतो. तो आधी विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलत आहात? उत्तर त्याला ठाऊक असूनही तो त्यांना पूर्ण बोलू देतो. मग मोशेपासून आरंभ करून सर्व संदेष्ट्यांतून तो त्यांना समजावतो. संध्याकाळी घरी बसून भाकर मोडेपर्यंत त्यांना त्याची ओळख पटत नाही. धडा वाटेत झाला, समजला नंतर. शिक्षकांसाठी प्रार्थना करताना हा प्रसंग वाचावा असे मला फार वाटते. आम्हांला आमच्या विद्यार्थ्यांची संध्याकाळ बहुधा पाहायला मिळत नाही.

या आशेवर आयुष्य काढलेल्या एका शिक्षकाचे नाव सांगते. योहान आमोस कोमेनियस, जन्म १५९२, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोरेव्हियातला, तिथल्या बंधुमंडळीचा बिशप. साथीच्या रोगात त्याची पत्नी आणि मुले गेली. धर्मयुद्धांच्या धामधुमीत १६२८ मध्ये त्याला मायदेश सोडावा लागला. तो पुन्हा तिथे परतू शकला नाही. पोलंडमधल्या लेश्नो गावात त्याने आसरा घेतला होता. १६५६ मध्ये ते गाव जळाले आणि त्यात त्याची ग्रंथसंपदा आणि अनेक वर्षे खपून लिहिलेली हस्तलिखिते राख झाली. त्या वेळी तो साठी ओलांडलेला होता. दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, त्याचे मुलांसाठी चित्रांसह शिकवणारे पाठ्यपुस्तक छापून निघाले आणि पुढे अनेक पिढ्या ते अनेक भाषांत वापरले गेले. सर्वांना शिकवावे, मुलांना आणि मुलींना, श्रीमंतांना आणि गरिबांना, असा त्याचा आग्रह होता. प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपाचे आहे, ही त्यामागची श्रद्धा होती. ज्याचे घर, देश आणि कागद सारे गेले, त्याच्याकडून म्हातारपणी लहान मुलांना चित्रांचे पुस्तक मिळावे, ही गोष्ट मला कुठल्याही प्रवचनाइतकी मोठी वाटते.

शिक्षकांसाठी मागताना त्यांच्या थकव्याचे नाव घ्या. तो जुना आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या एका डीकनाने, म्हणजे मंडळीच्या सेवकाने, ऑगस्टीनकडे मन मोकळे केले : नवशिक्यांना विश्वासाची तोंडओळख करून देताना मी स्वतःच कंटाळतो, माझेच बोलणे मला निर्जीव वाटते. ऑगस्टीनने त्याला रागावले नाही. मलाही माझे बोलणे जवळजवळ नेहमीच अपुरे वाटते, असे त्याने उलट कळवले. ऐकणाऱ्याच्या पदरात आपल्याला वाटते त्याहून जास्त पडत असते, असा धीर दिला. तेच ते पुन्हा सांगण्याचा कंटाळा आला तर भावाच्या, बापाच्या, आईच्या मायेने ऐकणाऱ्याशी एक व्हावे, म्हणजे जुने आपल्यालाही नवे वाटू लागते, असा उपाय सुचवला. आणि ज्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही अशा मंद श्रोत्याबद्दल त्याने जे लिहिले, ते शिक्षकाने जन्मभर जवळ बाळगावे : त्याला देवाविषयी फार सांगत बसण्यापेक्षा देवाला त्याच्याविषयी अधिक सांगावे.

साधारण तेराशे वर्षांनी फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल याने हीच गोष्ट शिक्षकांच्या रोजच्या नियमात आणली. तो १६५१ मध्ये रीम्स शहरात सधन घरात जन्मला. तिथल्या कॅथीड्रलमधले मानाचे पद त्याने सोडले, दुष्काळात आपली मालमत्ता गरिबांना वाटली, आणि गरीब मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या स्वतःच्या भाषेत वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांचा संघ उभा केला. आपण देवाच्या पवित्र सान्निध्यात आहोत याची आठवण त्याच्या शाळांत दिवसातून अनेकदा केली जाई. शिक्षकांसाठी लिहिलेल्या मननांत त्याने याकोबाने बेथेलात पाहिलेली शिडी घेतली आहे. देवदूत तिच्यावरून चढत होते आणि उतरत होते. शिक्षकानेही रोज प्रार्थनेने वर चढावे, मुलांच्या गरजा देवापुढे ठेवाव्यात, त्यांना काय शिकवायचे ते त्याच्याकडून घ्यावे, आणि मग खाली मुलांकडे उतरावे. १९५० मध्ये रोमन कॅथोलिक मंडळीने त्याला शिक्षकांचा आश्रयदाता संत ठरवले. आपण कुठल्याही परंपरेतले असू, हे मनन आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

शिक्षक रोज चढतोच असे नाही. कधी तो पहिल्या पायरीवरच बसून राहतो, आणि तेव्हा त्याच्यासाठी वर जाणारे दुसरे कुणी लागते. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिले.

प्रार्थनेत कोण कोण यावे, याचा विचार करताना आपली नजर नेहमी विद्यार्थी आणि शिक्षक यांवर थांबते. शाळेचे वर्ग झाडणारे, दार राखणारे, कार्यालयात कागद सांभाळणारे, मुलांना ने-आण करणारे, जेवण रांधणारे यांच्यावाचून एक तासही भरत नाही. आणि घाबरलेले मूल कितीदा तरी आधी त्यांच्यापाशीच रडते. मुख्याध्यापकांना एका बाजूने पालक आणि दुसऱ्या बाजूने वरिष्ठ असतात. त्यांचे एकटेपण कुणाला दिसत नाही. शिक्षणाची धोरणे ठरवणाऱ्यांसाठी आणि पैसा वाटणाऱ्यांसाठी न्यायबुद्धी मागावी. विशेष गरजा असलेली मुले आणि त्यांना शिकवणारे यांची नावे तर आधी घ्यावीत. ज्यांच्यापर्यंत शाळाच पोचली नाही त्यांना तर विसरून चालणारच नाही. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालांप्रमाणे जगात सुमारे २५ कोटी १० लाख मुले आणि तरुण शाळेबाहेर होते, आणि २०३० पर्यंत प्राथमिक व माध्यमिक शाळांसाठी आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागणार आहेत. पीक फार आहे पण कामकरी थोडे आहेत, म्हणून पिकाच्या धन्याने कामकरी पाठवावेत अशी प्रार्थना करा, ही प्रभूची आज्ञा आपण सुवार्तिकांपुरती का ठेवतो? मंडळीतल्या तरुणांना शिक्षकी पेशाचे पाचारण व्हावे, असे आपण शेवटचे कधी मागितले?

उच्च शिक्षण घेणाऱ्यांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तिथे आपली प्रार्थना बहुतेक वेळा भीतीतून येते. मुलगा विद्यापीठात गेला की आपण मागतो, प्रभू, याचा विश्वास जपून ठेव. मागणे योग्यच आहे. पण त्याच्या आड कधी कधी असे असते की तिथले ज्ञान त्याला शिवू नये. दानीएल आणि त्याचे सोबती, हनन्या, मीशाएल, अजऱ्या, यांना बाबेलात खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकायला लावले; तीन वर्षांचा तो अभ्यासक्रम होता. पवित्र शास्त्र सांगते की त्या चौघांना सर्व विद्येत ज्ञान आणि कौशल्य देवानेच दिले. परक्या, मूर्तिपूजक दरबाराची ती विद्या होती, तरीही. राजाने अशक्य प्रश्न घातला तेव्हा दानीएल घरी गेला, त्याने आपल्या मित्रांना सांगितले, आणि चौघांनी मिळून देवाची करुणा मागितली. मोशेही मिसऱ्यांच्या सर्व विद्येत पारंगत झाला होता, हे स्तेफनाने आपल्या भाषणात मोठ्या आदराने सांगितले आहे. आपल्या विद्यार्थ्यांसाठी असे मित्र मागा. सत्य कुठूनही आले तरी त्याला न भिण्याचे धैर्य मागा. संशोधनात आकडे फिरवण्याचा, दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून खपवण्याचा मोह येतो तेव्हा प्रामाणिकपणा मागा.

आणि प्रश्नांसाठी जागा मागा. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला आपण गप्प बसवले तर तो विश्वास सोडत नाही, आधी आपल्याशी बोलणे सोडतो. प्रभू उठला आहे यावर थोमाने शंका काढली तेव्हा इतर शिष्यांनी त्याला बाहेर घालवले नव्हते. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणून प्रभू आला तेव्हा त्याची भेट झाली.

वर्गातल्या प्रार्थनेविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले आपल्या आईबापांनी विश्वासाने आमच्या हाती सोपवली आहेत, तिथे शिक्षकाने आपल्या अधिकाराचा वापर करून कुणावर प्रार्थना लादू नये. त्याने प्रार्थना थांबत नाही. नहेम्या पारसाच्या राजापुढे प्याला घेऊन उभा होता. तुला काय हवे, असे राजाने विचारले. नहेम्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि उत्तर दिले. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास मावतो तेवढीच ती प्रार्थना होती. हजेरी घेताना प्रत्येक नाव मनातल्या मनात देवापुढे ठेवता येते. उत्तरपत्रिका तपासताना ठेवता येते. रागाने बोलण्याआधी तर ठेवावेच.

आपल्याकडून काय व्हावे ते आता थेट सांगते. दर रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत शिक्षणासाठी एक मागणी असावी, आणि ती दर आठवड्याला वेगळी असावी : एकदा नव्याने शाळेत जाणाऱ्यांसाठी, एकदा शाळा सोडावी लागलेल्यांसाठी, एकदा पहिल्या नोकरीवर लागलेल्या शिक्षकांसाठी, एकदा निवृत्त झालेल्यांसाठी. वर्षाच्या सुरुवातीला मंडळीतल्या सर्व शिक्षकांना आणि शाळा-महाविद्यालयांत काम करणाऱ्यांना पुढे बोलावून त्यांच्यावर हात ठेवावेत. सुवार्तिकाला पाठवताना जसे ठेवतो तसेच. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा वयस्क मंडळींकडे एकेका विद्यार्थ्याचे किंवा शिक्षकाचे नाव द्यावे. मात्र नाव देण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. मुलाच्या अडचणी, गुण, घरची परिस्थिती प्रार्थनेच्या निमित्ताने सर्वांपुढे मांडू नये. देवाला तपशील ठाऊक आहेत. निकालानंतरच्या उपकारस्तुतीत गुण वाचून दाखवू नयेत. त्याऐवजी वर्षभर शिकलेल्या सर्व मुलांना उभे करावे, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण न विचारता.

प्रार्थनेमागोमाग हातही पुढे यायला हवेत. उघड्या आणि उपाशी भावाला 'सुखाने जा' एवढेच म्हटले तर काय उपयोग, असे याकोबाने आपल्या पत्रात विचारले ते आपल्याला पाठ आहे. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्सने आठवडाभर कामावर राबणाऱ्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली, तेव्हा तिथे मुले अक्षरे गिरवून वाचायला शिकत. आपल्या इमारती आठवड्यातले किती तास बंद असतात? अभ्यासाला शांत जागा नसलेल्या मुलांसाठी एक खोली, दिवा आणि एखादे मायाळू मोठे माणूस एवढे जरी मंडळीने दिले, तरी पुष्कळ काही होईल. ती खोली आपल्या मंडळीतल्या मुलांपुरती ठेवू नये, एवढी विनंती.

ज्यांना नमुना हवा असेल त्यांच्यासाठी एक प्रार्थना देते. आपल्या शब्दांत बदलून घ्यावी.

हे प्रभू येशू, तू पेत्रासाठी त्याच्या पडण्याआधी विनंती केलीस. आमच्या मुलांसाठीही कर. जे उत्तीर्ण होतील त्यांना नम्र ठेव, जे मागे राहतील त्यांना तुझ्या प्रीतीविषयी शंका येऊ देऊ नकोस. जे शिकवतात त्यांना आज संध्याकाळी विसावा दे आणि उद्या सकाळी नवी माया दे. जे घाबरत शाळेत जातात त्यांच्या बाजूने उभे राहायला आम्हांला पाठव. ज्यांच्यासाठी शाळेचे दार उघडलेच नाही, त्यांना विसरण्यापासून आम्हांला राख. अभ्यास करणाऱ्यांना सत्याची भूक दे. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी आम्हांला वाचायला, मोजायला आणि तुझे नाव घ्यायला शिकवले, त्यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. आमेन.

हे पत्र आपल्या पुढच्या वडीलजनांच्या बैठकीत वाचले जावे. मध्यस्थीच्या प्रार्थनेचे वेळापत्रक ज्यांच्याकडे असते, त्यांनी येत्या महिन्यातल्या रविवारांपुढे शिक्षणाची मागणी आणि ती मांडणाऱ्याचे नाव आत्ताच लिहून टाकावे. पहिल्या रविवारी एखाद्या विद्यार्थ्याला ती मांडू द्यावी. आपल्याला कशासाठी प्रार्थना हवी आहे ते त्याला विचारले, तर तो सांगेल.

प्रभूच्या सेवेत आपली,
एक शिक्षिका